अजात बालकांची माउली सावित्रीबाई

महाड-पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की सातारा जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. गरोदर विधवेला तेव्हा लोकलज्जेपायी भ्रूणहत्या वा बालहत्येकडे लोटले जाई. सावित्रीबाई व जोतीराव यांनी १८६३ मध्ये पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे गुप्तपणे, सुखरूप बाळंतपण होई. काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. प्लेगग्रस्तांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या ख्रिस्ती नव्हत्या. तरी आम्ही त्यांच्यापुढे नतमस्तक होतो. अजात बालकांसाठी रोज रोझरी करणाऱ्या आपल्या घराचे दार भयभीत मातेसाठी उघडे आहे काय?