खाणींच्या मुलखाचा यंत्रकार : रिचर्ड ट्रेव्हिथिक

बोरीबंदरहून ठाण्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी निघालेल्या पहिल्या आगगाडीची हकिगत मराठी वाचकाला परिचित आहे. आगगाडीचा जनक म्हणून जॉर्ज स्टीफन्सन याचे नावही शालेय पुस्तकांतून सर्वांच्या कानावर गेलेले असते. परंतु वाफेच्या इंजिनाने रुळांवरून ओझे ओढून नेण्याचा पहिला यशस्वी प्रयोग त्याही आधी, १८०४ साली झाला होता. तो करणारा रिचर्ड ट्रेव्हिथिक हा मुळात रेल्वेचा माणूस नव्हता. तो खाणींच्या मुलखात जन्मला आणि खाणीतले पाणी कमी खर्चात कसे उपसावे, या एकाच प्रश्नातून त्याचे बहुतेक शोध जन्माला आले. त्या शोधांनी त्याला दारिद्र्यात लोटले. त्याच्या प्रांताला मात्र जगभर खाणयंत्रे पुरविणारा प्रांत बनविले.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात शिरलेला चिंचोळा भूभाग म्हणजे कॉर्नवॉल. कथील आणि तांबे ही तिथली पुरातन संपत्ती. कॅम्बोर्न आणि रेडरुथ या दोन गावांच्या दरम्यान, इलोगन परगण्यात १३ एप्रिल १७७१ रोजी रिचर्डचा जन्म झाला. त्याचे वडील खाणीवरचे प्रमुख होते. अशा अधिकाऱ्याला तिकडे कॅप्टन म्हणत. शाळेत रिचर्डचे मन रमले नाही. वर्गापेक्षा खाणीच्या तोंडाशी धडधडणारी इंजिने त्याला अधिक प्रिय होती. सहा फूट दोन इंच उंचीचा हा तरुण अंगच्या बळासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होता.

त्या काळी कॉर्नवॉलच्या खाणमालकांना एक दुखणे जडले होते. खाणी खोल जात होत्या, पाणी वाढत होते आणि उपशासाठी वाफेच्या इंजिनाखेरीज गत्यंतर नव्हते. पण प्रांतात कोळसा नव्हता. तो वेल्समधून जहाजाने आणावा लागे. जेम्स वॅट याच्या इंजिनाला जुन्या इंजिनापेक्षा कितीतरी कमी कोळसा लागे. मात्र वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा बोल्टन आणि वॅट यांच्या कंपनीला द्यावा लागे. वॅटचे पेटंट १८०० सालापर्यंत लागू होते. स्थानिक कारागिरांनी केलेली सुधारणा या पेटंटच्या कुंपणाला अडे आणि प्रकरण न्यायालयात जाई. अशाच झगड्यात सापडलेल्या एडवर्ड बुल या इंजिनकाराबरोबर ट्रेव्हिथिकने उमेदवारीची वर्षे काढली.

१७९७ साली त्याचे वडील वारले आणि त्याच वर्षी जेन हार्वे हिच्याशी त्याचा विवाह झाला. जेनचे वडील जॉन हार्वे यांनी हेल या बंदरगावी १७७९ साली ओतशाळा सुरू केली होती. या नात्यामुळे खाणीवरची गरज आणि लोखंड ओतणारा कारखाना एका घरात आले. खाणीवर सुचलेली कल्पना हेलच्या भट्टीत आकार घेई आणि पुन्हा खाणीवर येऊन कसाला लागे. पुढे शतकभर कॉर्नवॉलचा यंत्रव्यवसाय याच वाटेने वाढला.

वॅटच्या इंजिनात वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाहून फारसा अधिक नसे. वाफ थंड करून पोकळी निर्माण करायची आणि त्या पोकळीच्या जोरावर दट्ट्या हलवायचा, अशी त्याची रीत होती. त्यामुळे यंत्र अवाढव्य होई. ट्रेव्हिथिकने वाफेचाच दाब वाढविण्याचे ठरविले. वाफ थंड न करता हवेत सोडून दिली तर नुकसान किती, हा प्रश्न त्याने आपला गणितज्ञ मित्र डेव्हिस गिडी यास विचारला. एका वातावरणाच्या दाबाइतकेच, असे उत्तर मिळाले. दाब पुरेसा वाढविल्यास हे नुकसान सहज सोसण्याजोगे होते. यंत्र लहान, हलके आणि चाकांवर चढविण्याजोगे झाले.

१८०१ साली नाताळच्या आदल्या दिवशी त्याची वाफेची गाडी कॅम्बोर्नच्या चढावर माणसे घेऊन चालली. थोड्याच दिवसांत ती बिघडली. गाडी आडोशाला लावून मंडळी जेवायला गेली. चूल विझवायचे राहिले, पाणी आटले आणि गाडी जळून गेली. १८०२ साली त्याने नातलग अँड्र्यू व्हिव्हियन याच्यासह पेटंट घेतले. १८०३ साली ग्रिनिच येथे त्याच्या एका बॉयलरचा स्फोट होऊन चार जणांचे प्राण गेले. वाढत्या दाबाला धोकादायक ठरविणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना आयते निमित्त मिळाले. ट्रेव्हिथिकने त्यातून धडा घेतला. बॉयलरला दोन सुरक्षा झडपा आणि पाणी आटताच वितळून वाफेला वाट देणारे शिशाचे बूच त्याने बसविले.

२१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधील पेनीडॅरनच्या लोखंड कारखान्यातून त्याचे इंजिन १० टन लोखंड आणि ७० माणसे घेऊन पावणेदहा मैल चालत गेले. प्रवासाला चार तासांहून थोडा अधिक वेळ लागला. इंजिन यशस्वी झाले, पण ओतीव लोखंडाचे रूळ त्या वजनाखाली मोडू लागले. १८०८ साली त्याने लंडनमध्ये वर्तुळाकार रुळांवर आगगाडी चालवून दाखविली. थेम्स नदीखालून भुयार खणण्याचे कामही याच वर्षी पाणी शिरल्याने बंद पडले. आजारी ट्रेव्हिथिक १८१० साली कॉर्नवॉलला परतला आणि १८११ साली त्याचे दिवाळे निघाले.

परंतु त्याच्या प्रांताच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम यानंतर झाले. १८१२ साली व्हील प्रॉस्पर या खाणीवर त्याने नवे उपसा इंजिन उभारले. वाफेचा दाब दर चौरस इंचास सुमारे ४० पौंड होता. वाफ थोडीशीच आत घेऊन तिला प्रसरण पावू द्यायचे आणि शेवटी ती थंड करून वॅटच्या पोकळीचाही लाभ घ्यायचा, अशी त्याची रचना होती. जोडीला लांबट नळकांड्याच्या आकाराचा, पोटातच भट्टी असलेला बॉयलर होता. पुढे ही दोन्ही यंत्रे कॉर्निश इंजिन आणि कॉर्निश बॉयलर या नावांनी जगभर गेली. या इंजिनाचे पेटंट ट्रेव्हिथिकने घेतले नाही. कोणत्याही कारागिराने ते पाहावे, उभारावे आणि त्यात भर घालावी, अशी मोकळीक राहिली.

याच सुमारास, १८११ साली, खाणव्यवस्थापकांनी आणखी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. कोणत्या खाणीवरचे कोणते इंजिन किती कोळशात किती पाणी उपसते, याचा तक्ता दरमहा छापून प्रसिद्ध होऊ लागला. हे काम जोएल लीन या अनुभवी खाणकॅप्टनकडे होते. कोणाचे इंजिन पुढे आणि कोणाचे मागे, हे साऱ्या प्रांताला दिसू लागले. सुधारणा दडवून ठेवण्यापेक्षा ती दाखविण्यात इंजिनकाराची प्रतिष्ठा होती, कारण त्यावरच पुढचे काम मिळे. सुमारे ३० वर्षांत इंजिनांची सरासरी कार्यक्षमता तिपटीहून अधिक वाढली.

तोपर्यंत ट्रेव्हिथिक दूरदेशी गेला होता. पेरूमधील सेरो दे पास्को येथील चांदीच्या खाणी चार हजार मीटरहून अधिक उंचीवर होत्या आणि पाण्याने भरल्या होत्या. विरळ हवेत वॅटचे इंजिन दुबळे ठरे आणि खेचरांच्या पाठीवरून ते नेणेही अशक्य होते. ट्रेव्हिथिकचे इंजिन सुटे करून डोंगर चढविता येत असे. १८१४ साली नऊ इंजिने आणि ती चालविणारी कॉर्नवॉलची माणसे रवाना झाली. १८१६ साली तो स्वतः निघाला. यंत्राबरोबर ते चालविणारा जाणकारही पुरवायचा, ही पुढे कॉर्नवॉलची ओळखच झाली. पेरूच्या स्वातंत्र्ययुद्धात खाणींची वाताहत झाली. कोस्टा रिकाच्या रानावनांतून जिवावरची संकटे सोसत तो १८२७ साली कार्ताहेना बंदरात पोचला, तेव्हा खिसा रिकामा होता. तेथे भेटलेल्या रॉबर्ट स्टीफन्सनने, जॉर्जच्या मुलाने, परतीसाठी त्याला ५० पौंड दिले. अकरा वर्षे जेनने मुलांचा संसार माहेरच्या आधाराने रेटला होता.

मायदेशी त्याने देशसेवेबद्दल संसदेकडे मोबदल्याची विनंती केली. ती अमान्य झाली. डार्टफर्ड येथील एका यंत्रकारखान्यात काम करीत असता २२ एप्रिल १८३३ रोजी त्याचे निधन झाले. पदरी पैसा नव्हता. कारखान्यातील सहकाऱ्यांनी वर्गणी काढून अंत्यविधी केला. थडग्यावर खूण राहिली नाही.

त्याने घडविलेला व्यवसाय मात्र फोफावत गेला. १८३१ साली कॅम्बोर्नजवळच्या टकिंगमिलच्या विल्यम बिकफर्ड याने सुरुंगाच्या सुरक्षित वातीचे पेटंट घेतले. कॅम्बोर्नच्या होल्मन बंधूंनी खडक फोडणारी ड्रिलयंत्रे बनविली. हेलच्या हार्वे कारखान्याने हॉलंडमधील हार्लेम सरोवर उपसण्यासाठी १८४९ साली १४४ इंच व्यासाचे प्रचंड सिलिंडर असलेले इंजिन दिले. १८६६ नंतर तांब्याचे भाव कोसळून खाणी बंद पडल्या आणि कामगार परदेशी निघाले. त्यांतले काही १८८० नंतर आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींतही आले. १८८८ साली कॅम्बोर्नमध्ये खाणशाळा निघाली. आज ती एक्सेटर विद्यापीठाचा भाग आहे.

हार्वे कारखान्याची यंत्रशाळा १९०३ साली बंद झाली. साउथ क्रॉफ्टी ही कथिलाची खाण १९९८ साली, तर कोलारची खाण २००१ साली बंद पडली. मात्र कोलारमध्ये १९६४ साली स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्सचा कारखाना राहिला आणि त्याची यंत्रे देशातील इतर खाणींना जाऊ लागली. भूगर्भातील धातू कधी ना कधी संपतो. त्याच्या निमित्ताने माणसांच्या हाती आलेले कसब मागे उरते. मात्र ते कसब आपोआप रुजत नाही. कॉर्नवॉलमध्ये खाणीशेजारी ओतशाळा होती, ज्ञान खुले होते आणि अपयशाने न खचणारी माणसे होती. त्या माणसांत ट्रेव्हिथिक अग्रभागी होता. कॅम्बोर्नने १९३२ साली त्याचा पुतळा उभारला. १९८४ सालापासून दरवर्षी एप्रिलअखेर गावात त्याच्या नावाचा उत्सव भरतो आणि ज्या रस्त्यांवरून त्याची गाडी चालली, तेथून वाफेची इंजिने मिरविली जातात.