डॉक्टर ओशॉनेसी आणि तारेची भाषा

आयर्लंडमधील लिमरिक येथे 1809 मध्ये जन्मलेले विल्यम ओशॉनेसी पेशाने डॉक्टर होते. 1831 मध्ये इंग्लंडमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा त्यांनी रुग्णांचे रक्त तपासले. त्यातील पाणी आणि क्षार घटले होते. ते शिरेवाटे भरून काढावेत, असे त्यांनी सुचवले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये डॉ. थॉमस लाटा यांनी हा उपचार केला. आजच्या सलाइनचे मूळ तेथे आहे.

1833 मध्ये ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आले. कलकत्त्यात रसायनशास्त्र शिकवता शिकवता 1839 मध्ये त्यांनी तारायंत्राचे प्रयोग केले. पुढे त्यांच्याच देखरेखीखाली कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेने जोडले गेले. 1855 मध्ये ही सेवा सर्वसामान्यांना खुली झाली.

त्यांच्या यंत्रात विद्युतप्रवाहाची दिशा बदलली की सुई डावीकडे किंवा उजवीकडे वळे. या हालचालींच्या जुळणीतून अक्षर ओळखले जाई. नंतर मोर्सची यंत्रे आली, पण प्रश्न तोच राहिला : संदेश तारेवर कोणत्या रूपात सोडला म्हणजे पलीकडे अचूक वाचता येईल? डिजिटल युगात त्याचे उत्तर ‘लाइन कोडिंग’ देते. एका पद्धतीत 0 साठी तार शांत राहते, तर प्रत्येक 1 साठी आळीपाळीने धन आणि ऋण स्पंद जातो. त्यामुळे एकाच दिशेचा विद्युतदाब साचत नाही. लागोपाठचे दोन स्पंद एकाच दिशेचे आले, तर चूक लगेच कळते.

ओशॉनेसी यांचे 1889 मध्ये इंग्लंडमध्ये निधन झाले.