रिचर्ड के. फॉक्स

रिचर्ड काईल फॉक्स (१२ ऑगस्ट, १८४६, बेलफास्ट, आयर्लंड – १४ नोव्हेंबर, १९२२, रेड बँक, न्यू जर्सी, अमेरिका) हे आयरिश-अमेरिकन प्रकाशक, संपादक आणि क्रीडास्पर्धांचे आश्रयदाते होते. न्यू यॉर्क येथून निघणाऱ्या ‘नॅशनल पोलीस गॅझेट’ या साप्ताहिकाचे ते सुमारे पंचेचाळीस वर्षे मालक होते. केवळ पुरुष वाचकांची करमणूक हा हेतू समोर ठेवून साप्ताहिक चालवता येते आणि त्यावर अमाप पैसाही मिळवता येतो, हे अमेरिकेत त्यांनी प्रथम सिद्ध केले. खेळाच्या बातम्यांना वृत्तपत्रात स्वतंत्र जागा मिळवून देण्याचे आणि मुष्टियुद्धाला देशव्यापी खेळाचे रूप देण्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांच्याकडे जाते. सनसनाटी पत्रकारितेचा पाया घातल्याचा दोषही त्यांच्याच माथी येतो.

आरंभीचे जीवन

फॉक्स यांचा जन्म बेलफास्टमधील एका साध्या कुटुंबात झाला. लहान वयातच ते ‘बॅनर ऑफ अल्स्टर’ या प्रेस्बिटेरियन पंथाच्या वृत्तपत्राच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागले. पुढे ज्यांच्या साप्ताहिकावर धर्मोपदेशकांनी रविवारच्या प्रवचनांतून कोरडे ओढले, त्यांचे उमेदवारीचे दिवस एका धार्मिक पत्रात गेले, हा योग मोठा गमतीचा आहे. त्यानंतर ‘बेलफास्ट न्यूज लेटर’ या जुन्या व प्रतिष्ठित दैनिकाच्या व्यवसाय विभागात त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. वृत्तपत्र छापून निघते ते लेखणीच्या बळावर, पण टिकते ते जाहिरातींवर आणि विक्रीवर, हे व्यवहारज्ञान त्यांना तेथे मिळाले. फॉक्स हे मुळात लेखक नव्हते आणि आयुष्यभर त्यांनी तसा आवही आणला नाही.

१८७४ साली ते पत्नीसह न्यू यॉर्कला आले. त्या वेळी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी होती आणि फॉक्स यांच्या गाठीशी फारसे काही नव्हते. एका व्यापारी वृत्तपत्रासाठी जाहिराती गोळा करण्याचे काम त्यांना मिळाले आणि त्यात त्यांनी चांगला जम बसवला. १८७६ मध्ये ते ‘नॅशनल पोलीस गॅझेट’चे व्यवस्थापक झाले.

पोलीस गॅझेटची पूर्वपीठिका

हे साप्ताहिक १८४५ साली जॉर्ज विल्क्स आणि वकील इनॉक कॅम्प यांनी सुरू केले. चोर, दरोडेखोर आणि ठग यांची नावे, वर्णने व कारवाया उघडपणे छापून नागरिकांना सावध करावे, असा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे गुंडांच्या टोळ्यांनी कचेरीवर हल्लेही केले. १८६६ मध्ये न्यू यॉर्कचे माजी पोलीसप्रमुख जॉर्ज मॅट्सेल यांनी ते विकत घेतले. त्यांच्याकडून ते चित्रांचे ठसे कोरणाऱ्या एका व्यावसायिक जोडीकडे गेले. या मालकांना पत्र झेपेना. देणी थकत गेली आणि त्यांत फॉक्स यांचेही पैसे अडकले. थकलेल्या रकमेच्या बदल्यात १८७७ च्या सुमारास त्यांनी पत्रच ताब्यात घेतले. बुडत्या पत्राची मालकी आणि डोक्यावर कर्ज, एवढेच भांडवल घेऊन त्यांनी सुरुवात केली.

साप्ताहिकाचा कायापालट

फॉक्स यांनी पत्र सोळा पानांचे केले आणि ते गुलाबी कागदावर छापण्यास प्रारंभ केला. विक्रेत्याच्या फळीवर दहा वर्तमानपत्रे असली तरी हे एक दुरूनही डोळ्यांत भरे. मजकुरापेक्षा चित्रांना त्यांनी अधिक महत्त्व दिले. वृत्तपत्रांत छायाचित्रे छापण्याचे तंत्र तेव्हा रुळलेले नव्हते. लाकडी ठोकळ्यांवर कोरलेल्या चित्रांवरच सारी भिस्त होती, आणि फॉक्स यांनी या कामासाठी कुशल चित्रकार व कोरक्ये नेमले. खून, पळून जाऊन केलेली लग्ने, फाशीची दृश्ये, रंगभूमीवरील नट्या, नवऱ्याला चाबकाने फोडून काढणाऱ्या बायका अशी चित्रे दर आठवड्याला झळकू लागली. ‘हार्पर्स वीकली’सारखी सभ्य सचित्र साप्ताहिके घराघरांत येत होती. गॅझेट मात्र घरात येणारे पत्र नव्हते.

ते पुरुषांच्या जगातले पत्र होते. यादवी युद्धानंतर अमेरिकेतील शहरे झपाट्याने वाढत होती. खेड्यांतून आणि युरोपातून आलेले हजारो अविवाहित तरुण खानावळींत व भाड्याच्या खोल्यांत राहत. त्यांची संध्याकाळ मद्यगृहात, नाभिकाच्या दुकानात, अग्निशामक दलाच्या ठाण्यावर किंवा स्वस्त हॉटेलांत जाई. नेमक्या याच ठिकाणी अंक पोहोचेल अशी व्यवस्था फॉक्स यांनी केली आणि अशा जागांना सवलतीच्या दरात वर्गणीदार करून घेतले. दहा सेंटांचा एक अंक नाभिकाच्या दुकानात आठवडाभर हातोहात फिरे. त्यामुळे सर्वसाधारण खप सुमारे दीड लाख असला तरी वाचकांची संख्या त्याच्या कितीतरी पट होती.

सॅम्युएल मॅककीव्हर यांचे महानगराच्या रात्रीच्या जीवनावरील सदर विशेष लोकप्रिय झाले. १८८० मध्ये त्याचे ‘ग्लिम्प्सेस ऑफ गॉथम’ हे पुस्तकही निघाले. धर्मोपदेशकांच्या भानगडी तर फॉक्स यांचा आवडता विषय. जाहिरातींची पानेही वाचकवर्ग कोणता हे सांगून जात. पौरुष वाढवणारी औषधे, खुणा केलेले पत्ते, पिस्तुले आणि नट्यांची चित्रे यांची तेथे रेलचेल असे.

या पत्राची काळी बाजू एवढ्यावरच थांबत नाही. आयरिश कष्टकऱ्यांविषयी जिव्हाळा दाखवणारे हे पत्र चिनी मजूर, कृष्णवर्णीय आणि ज्यू यांची अत्यंत हिणकस चित्रे रंगवीत असे. जमावाने केलेल्या हत्यांची वर्णने त्यात करमणुकीच्या सुरात येत. त्या काळचे हे दूषित वातावरण फॉक्स यांनी निर्माण केले नाही, परंतु त्यावर पैसा मात्र केला.

मुष्टियुद्ध आणि सुलिव्हानशी वैर

१८८० च्या उन्हाळ्यात वेस्ट व्हर्जिनियात पॅडी रायन आणि जो गॉस यांच्यात उघड्या मुठींनी लढत झाली. असे मुष्टियुद्ध बहुतेक राज्यांत बेकायदेशीर असल्यामुळे प्रतिष्ठित वृत्तपत्रे त्याची फारशी दखल घेत नसत. फॉक्स यांनी सचित्र वृत्तान्त छापला आणि अंकाचा खप चार लाखांच्या घरात गेला. वाचकाला काय हवे आहे याचा त्यांना उलगडा झाला. त्यांनी क्रीडा विभाग उभारला आणि विल्यम हार्डिंग यांच्याकडे तो सोपवला. बातमी देऊनच ते थांबले नाहीत. लढती ठरवणे, पैजेची रक्कम भरणे, पंच सुचवणे, विजेत्याला पट्टा देणे ही सारी सूत्रे त्यांनी आपल्या हाती घेतली. वेगवेगळ्या वजनगटांसाठी स्वतंत्र पट्टे ठेवून ते गट रूढ करण्यातही त्यांचा वाटा होता. बातमी घडवणारा आणि बातमी विकणारा माणूस एकच झाला.

त्यांचे नाव सर्वाधिक गाजले ते जॉन एल. सुलिव्हान या बोस्टनच्या मल्लाशी झालेल्या वैरामुळे. या वैराची एक कथा प्रसिद्ध आहे. १८८१ मध्ये हॅरी हिलच्या मद्यगृहात दोघेही आले असता फॉक्स यांनी सुलिव्हानला आपल्या टेबलाशी बोलावले. गरज असेल तर फॉक्स यांनीच आपल्याकडे यावे, असा उलट निरोप सुलिव्हानने धाडला. कथा जशीच्या तशी खरी असो वा नसो, पुढची आठ वर्षे फॉक्स यांनी सुलिव्हानला हरवू शकेल असा मल्ल शोधण्यात घालवली हे खरे. त्यांनी पाठिंबा दिलेल्या रायनला सुलिव्हानने ७ फेब्रुवारी १८८२ रोजी मिसिसिपी सिटी येथे नऊ फेऱ्यांत लोळवले. पुढच्या वर्षी इंग्लंडचा चार्ली मिचेल न्यू यॉर्कमध्ये त्याच्यासमोर उभा राहिला. त्याने पहिल्याच फेरीत सुलिव्हानला खाली पाडले, पण तिसऱ्या फेरीत मार असह्य होऊ लागताच पोलिसांना लढत थांबवावी लागली. न्यूझीलंडहून आणलेला हर्बर्ट स्लेडही टिकला नाही.

अखेर १८८७ साली फॉक्स यांनी जेक किलरेन याला विजेता घोषित करून हिरेजडित पट्टा दिला. बोस्टनकरांनी याला उत्तर म्हणून वर्गणी जमवून त्याहून मौल्यवान पट्टा सुलिव्हानला अर्पण केला. किलरेनने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फ्रान्समध्ये जेम स्मिथशी १०६ फेऱ्यांची लढत दिली, ती अनिर्णित राहिली. आता समोरासमोर लढत टाळणे कोणालाच शक्य नव्हते. प्रत्येक बाजूने दहा हजार डॉलर लावण्याचे ठरले आणि किलरेनची रक्कम फॉक्स यांनी भरली.

८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपीतील रिचबर्ग येथे ही लढत झाली. राज्याच्या गव्हर्नरांचा मनाईहुकूम असल्यामुळे ठिकाण अखेरपर्यंत गुप्त ठेवले होते आणि प्रेक्षक न्यू ऑर्लिन्सहून खास आगगाड्यांनी आले. पारा शंभर अंश फॅरनहाइटच्या वर होता. त्या काळच्या नियमांप्रमाणे एक मल्ल जमिनीवर पडला की फेरी संपे, त्यामुळे फेऱ्यांना ठरावीक वेळ नसे. दोन तासांहून अधिक काळ, पंचाहत्तर फेऱ्यांपर्यंत हा प्रकार चालला. शेवटी किलरेनच्या बाजूच्या लोकांनी त्याचा जीव जाईल या भीतीने हार मान्य केली. उघड्या मुठींनी झालेली ही अखेरची जागतिक अजिंक्यपदाची लढत ठरली. फॉक्स यांचा माणूस हरला, परंतु अंक मात्र धडाक्याने खपले. सुलिव्हानची कीर्ती त्याच्या चाहत्यांपेक्षाही या शत्रूने अधिक वाढवली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

इतर स्पर्धा आणि ‘फॉक्स’ नौका

पदके, चषक आणि पट्टे देण्याचा फॉक्स यांना जणू छंदच होता. सहा-सहा दिवस चालण्याच्या शर्यती, कालवे उघडणे, केस कापणे, मद्याचे पेले मिसळणे, स्त्रियांनी वजने उचलणे अशा कोणत्याही गोष्टीत ते विजेतेपद जाहीर करीत. हे सारे जाहिरातीसाठी होते हे उघड आहे, पण वृत्तपत्रांत ज्यांचे नाव एरवी कधी आले नसते अशा न्हावी, खाटीक आणि मद्यगृहातील वाढप्यांना त्यामुळे मान मिळाला.

यांतील एक प्रसंग मात्र केवळ जाहिरातबाजी म्हणून सोडून देता येत नाही. जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युएलसन हे नॉर्वेत जन्मलेले दोघे न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा धंदा करीत. वल्ही मारीत अटलांटिक महासागर ओलांडण्याचा त्यांनी निश्चय केला आणि फॉक्स यांनी त्यांना पाठबळ दिले. त्यांच्या अठरा फुटी होडीचे नावच ‘फॉक्स’ ठेवण्यात आले. ६ जून १८९६ रोजी ते न्यू यॉर्कहून निघाले. वाटेत जुलैमध्ये होडी उलटून बरेचसे खाद्यपदार्थ वाहून गेले. पुढे भेटलेल्या एका जहाजाने त्यांना शिधा दिला. पंचावन्न दिवसांनी, १ ऑगस्टला ते इंग्लंडजवळच्या सिली बेटांवर पोहोचले आणि तेथून फ्रान्समधील ल हाव्र बंदरात गेले. वल्ह्यांच्या बळावर महासागर ओलांडल्याची ही पहिली नोंद असून, त्यांचा वेळ शतकाहून अधिक काळ, २०१० पर्यंत कोणी मागे टाकू शकले नाही. फॉक्स यांनी दोघांना सुवर्णपदके दिली. धनलाभ मात्र त्यांना झाला नाही. ज्यांनी जीव पणाला लावला त्यांच्यापेक्षा होडीवर ज्याचे नाव होते त्याचाच फायदा अधिक झाला.

विरोध आणि कायदे

१८८३ च्या सुमारास ब्रुकलिन पुलाजवळ फॉक्स यांनी सातमजली कचेरी बांधली. बेलफास्टच्या पोऱ्याची ही भरारी सर्वांनाच रुचली असे नाही. अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणारे अँथनी कॉमस्टॉक आणि त्यांचे सहकारी अशा पत्रांच्या मागे लागले होते. १८८४ मध्ये न्यू यॉर्क राज्याने प्रामुख्याने रक्तपात, वासना व गुन्हे यांच्या कथांना वाहिलेल्या प्रकाशनांवर बंदी घालणारा कायदा केला. टेक्ससने पोलीस गॅझेटचे नाव कायद्यात घालून त्याच्या विक्रेत्यांवर प्रत्येक जिल्ह्यात पाचशे डॉलरचा कर बसवला. दहा सेंटांचे पत्र विकणाऱ्याला हा कर म्हणजे बंदीच होती. न्यू यॉर्कचा तो कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोघमपणाच्या कारणावरून १९४८ साली रद्द केला. तोपर्यंत फॉक्स यांच्या मृत्यूला पाव शतक उलटून गेले होते.

उतरती कळा

कायद्यांनी जे साधले नाही ते स्पर्धेने साधले. जोसेफ पुलित्झर यांनी १८८३ मध्ये ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ आणि विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी १८९५ मध्ये ‘जर्नल’ हाती घेतल्यावर खून, भानगडी आणि ठसठशीत चित्रे रोजच्या रोज एक-दोन सेंटांत मिळू लागली. दैनिकांनी खेळाची स्वतंत्र पाने सुरू केली आणि शनिवारी झालेल्या लढतीचे वर्णन रविवारी सकाळी वाचायला मिळू लागले. ज्याला बातमीसाठी आठवडाभर थांबायचे नाही, तो गुलाबी अंक कशासाठी घेणार? मुष्टियुद्धातही हातमोज्यांचे व ठरावीक वेळेच्या फेऱ्यांचे नियम रूढ झाले आणि पुढे कायद्यानेच त्याला मान्यता मिळू लागली. चोरीछुपे पाहण्यातली गोडी त्याबरोबर ओसरली. फॉक्स यांनी छायाचित्रे छापून आणि ‘पोलीस गॅझेट स्पोर्टिंग ॲन्युअल’ ही क्रीडाविषयक वार्षिके काढून तग धरला. तरी पूर्वीचा दरारा परत आला नाही.

१९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू झाली आणि मद्यगृहांना कुलपे लागली. आखूड केसांची फॅशन आल्याने स्त्रियाही नाभिकाच्या दुकानात जाऊ लागल्या आणि गॅझेटचा तोही बालेकिल्ला ढासळला. खप घटत असतानाही फॉक्स व्यक्तिशः सधनच राहिले. १४ नोव्हेंबर १९२२ रोजी रेड बँक येथे वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर कुटुंबीयांनी दहा वर्षे पत्र चालवले, पण १९३२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. ते विकत घेतले गेल्यावर काही काळ त्याचे संपादन एका स्त्रीकडे होते. पुढे ते मासिक झाले आणि १९७७ पर्यंत कसेबसे निघत राहिले.