जमिनीकडे पाहणारा अवकाशवेडा

माझं आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आई अजूनही सांगते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं. ३ वाजून ५६ मिनिटांनी दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. सुमारे १० हजार माणसं गेली. आई तेव्हा पुण्यात होती. फोन लागेना. आजोबा जिवंत आहेत हे कळायला तिला चार दिवस लागले.

इंजिनिअरिंगला आल्यावर मला प्रश्न पडला, की हे वरून, उपग्रहातून कुणाला दिसलं नसेल का? उत्तर शोधता शोधता मी डॉ. विक्रम साराभाईंपर्यंत पोहोचले.

साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादच्या श्रीमंत गिरणीमालक घराण्यातला. शिकायला केंब्रिजला गेले, पण महायुद्ध सुरू झालं आणि परतावं लागलं. मग बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्याकडे वैश्विक किरणांवर संशोधन केलं. १९४७ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली आणि त्याच वर्षी, वयाच्या २८ व्या वर्षी, अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा उभी केली. घरचा धंदा सांभाळून आरामात जगता आलं असतं, नाही का? पण हा माणूस संस्थाच काढत सुटला!

केरळात थुंबा या मच्छीमारांच्या गावी चर्चच्या इमारतीत ऑफिस थाटलं. तिथून २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं, तेही अमेरिकेकडून मिळालेलं. गरीब देशाला हे चोचले कशाला, असं लोक विचारत. साराभाईंचं म्हणणं साधं होतं: चंद्रावर जायच्या शर्यतीत आपल्याला उतरायचं नाही, पण सामान्य माणसाच्या अडचणी सोडवायला हे तंत्रज्ञान वापरण्यात आपण मागे राहता कामा नये.

१५ ऑगस्ट १९६९ ला इस्रो स्थापन झाली. १९७० मध्ये त्यांचे सहकारी डॉ. पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फोटो घेऊन नारळाच्या झाडांवरचा रोग शोधला. आपल्याकडच्या दूरसंवेदनाची ही सुरुवात. ३० डिसेंबर १९७१ ला कोवलमला साराभाई झोपेतच गेले. वय अवघं ५२. भारताचा एकही उपग्रह त्यांनी पाहिला नाही.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. १९८८ चा आपला आयआरएस-१ए उपग्रह एकाच जागेवर २२ दिवसांनी यायचा आणि त्याच्या चांगल्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ३६ मीटरचा होता. आजोबांचा अख्खा वाडा एका ठिपक्यात गडप! २६ जानेवारी २००१ ला भुज हादरलं, साराभाईंच्या अहमदाबादेतही इमारती पडल्या, तोवर आपला पिक्सेल ५.८ मीटरवर आला होता. २००७ च्या कार्टोसॅट-२ ने तो १ मीटरच्या आत आणला. रडार उपग्रह तर ढगांतून आणि रात्रीही पाहतात.

मित्रांनो, ढिगाऱ्याखालचा माणूस उपग्रहाला आजही दिसत नाही. पण भूकंपाआधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं, तर कुठली वस्ती पडली, कुठला पूल तुटला हे फोन बंद असतानाही समजतं. आधी कुठे धावायचं ते ठरवता येतं. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी तासातासाची किंमत असते.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, मग तुम्ही पोरांनी ते चार दिवस अजून कमी करा. प्रोजेक्टचा विषय मी त्याच रात्री ठरवला.