डॉ. पंजाबराव देशमुख : कॉलेजचं नाव आणि कॉलेजचा दर्जा



बारावीचा निकाल लागला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पोराला जवळच्या कॉलेजात टाकायचं, की अमरावती, संभाजीनगर, पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजात पाठवायचं? कोणतं कॉलेज चांगलं, असं आपण विचारतो खरं. पण मनात असतं ते कोणत्या कॉलेजचं नाव मोठं, एवढंच. हे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण ते एक नाहीत. त्यांतला फरक समजून घ्यायला शिक्षणमहर्षी डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख यांचं चरित्र फार उपयोगी पडतं. आपल्या चिखलीचं श्री शिवाजी विज्ञान व कला महाविद्यालय हे त्यांनीच उभ्या केलेल्या संस्थेचं. म्हणून आजचा पाठ भाऊसाहेबांवर.

पापळ ते ऑक्सफर्ड

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या खेड्यातला. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचं. गावात पुढची शाळा नाही, म्हणून लहानपणापासूनच शिक्षणासाठी गाव सोडावं लागलं. आधी चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल. मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले आणि १९२० मध्ये थेट इंग्लंडला. शेतकऱ्याच्या घरातून विलायतेला जाणं त्या काळी सोपं नव्हतं. घरच्यांनी कर्ज काढून पोराला पाठवलं.

तिकडे त्यांनी एडिंबरो विद्यापीठाची एम.ए. केली, ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली आणि ते बॅरिस्टरही झाले. डॉक्टरेटचा विषय होता वैदिक साहित्यातील धर्म. तो प्रबंध पुढे १९३३ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. फर्ग्युसन, एडिंबरो, ऑक्सफर्ड! शिक्षणाच्या जगात यापेक्षा मोठी नावं कोणती? नावाची किंमत काय असते हे भाऊसाहेबांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

परत आल्यावर पहिलं काम

१९२६ मध्ये ते अमरावतीला परतले आणि वकिली करू लागले. शिक्षणातलं त्यांचं पहिलं मोठं काम मात्र कॉलेज नव्हतं, ते होतं वसतिगृह! सगळ्या जातींच्या मुलांसाठी त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं. खर्चासाठी मुष्टिफंड उभा केला, म्हणजे घरोघरच्या मूठ-मूठ धान्यावर मुलांच्या जेवणाची सोय.

वसतिगृहच आधी का? अमरावतीत १९२३ पासून सरकारी किंग एडवर्ड कॉलेज होतं (आजचं विदर्भ महाविद्यालय). नामांकित शिक्षण शहरात हजर होतं. पण खेड्यातला पोरगा तिथे राहणार कुठे, खाणार काय? ज्या शिक्षणापर्यंत मूल पोचतच नाही, त्याचा दर्जा कितीही उंच असला तरी त्या मुलाच्या दृष्टीने तो शून्यच.

याच सुमारास अंबादेवी मंदिर अस्पृश्यांसाठी खुलं व्हावं म्हणून झालेल्या सत्याग्रहात ते पुढे होते. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्यावर भर दिला. १९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. शेतकऱ्याला सावकारी पाशातून सोडवणारा कर्ज लवाद कायदा त्यांच्याच काळातला.

नवं कॉलेज, पाठीशी नाव नाही

१९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. आधी हायस्कूल, मग १९४६ मध्ये अमरावतीला कॉलेज, १९५४ मध्ये अकोल्याला. विचार करा, १९४६ साली या नव्या कॉलेजकडे काय होतं? जुनी परंपरा नाही, प्रसिद्ध माजी विद्यार्थी नाहीत. होती ती शेतकऱ्यांची, पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी पोरं.

इथेच आपल्या प्रश्नाची गाठ आहे. नावाजलेल्या कॉलेजकडे आधीच हुशार मुलांची रांग लागते. त्यातली वरची मुलं ते निवडून घेतं, साहजिकच निकाल चांगला लागतो, निकालामुळे नाव आणखी वाढतं आणि पुढच्या वर्षी रांग आणखी लांबते. या चक्रात कॉलेजने किती शिकवलं आणि मुलं मुळातच किती तयार होती, हे वेगळं काढता येत नाही. पन्नास टक्क्यांच्या मुलाला सत्तरवर नेणारं कॉलेज पेपरात झळकत नाही. खरी मेहनत मात्र तिथे झालेली असते.

नाव नसलं की काय होतं

तरी नाव म्हणजे सगळं खोटं, असं म्हणून चालणार नाही. याचा अनुभव अमरावतीतच आला. १९५६ मध्ये केंद्र सरकारने देशात ग्रामीण उच्च शिक्षणाच्या खास संस्था सुरू केल्या. त्यांतली एक अमरावतीचं शिवाजी लोकविद्यापीठ. खेड्याच्या गरजेचं शिक्षण खेड्याजवळ द्यायचं, ही कल्पना उत्तम. पण या संस्था विद्यापीठाची पदवी न देता पदविका देत. सरकारने नोकरीसाठी ती पदवीच्या बरोबरीची मानली, तरी समाजाच्या नजरेत पदविका ती पदविकाच राहिली. पुढे या धर्तीच्या अनेक संस्था नेहमीच्या विद्यापीठांना जोडल्या गेल्या. म्हणजे शिक्षण चांगलं असून भागत नाही, त्याला मान्यताही लागते. पालक नावाच्या मागे धावतात ते मूर्ख म्हणून नव्हे. पोराच्या हातातला कागद बाहेर चालेल का, ही त्यांची चिंता खरीच असते.

दिल्ली आणि नंतर

भाऊसाहेब संविधान सभेचे सदस्य होते. मागासवर्गीयांच्या शिक्षण-नोकरीतल्या संधींचा प्रश्न त्यांनी लावून धरला. १९५२ पासून ते अमरावतीचे खासदार आणि केंद्रात कृषिमंत्री. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला, १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

२० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ सुरू झालं. आपले शेतकरी त्याला पीकेव्ही म्हणूनच ओळखतात. पीकेव्हीचं बियाणं घेताना आपला शेतकरी काय करतो? पिशवीवरचं चित्र पाहून घेतो का? नाही. गेल्या साली ज्याने पेरलं त्याला विचारतो, त्याच्या वावरात जाऊन पाहतो, आपली जमीन हलकी की भारी याचा विचार करतो. बियाण्याच्या बाबतीत इतका चिकित्सक असलेला तोच माणूस पोराचं कॉलेज मात्र बोर्ड पाहून ठरवतो!

मग कॉलेज कसं पारखायचं?

एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या जिल्ह्यातली पारंपरिक पदवी कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. स्वायत्त कॉलेजं सोडली तर अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, पदवीवर विद्यापीठाचं नावही तेच. फरक पडतो तो शिकवण्यात. म्हणून प्रवेशाआधी हे विचारा :

१. मंजूर जागांपैकी पूर्णवेळ प्राध्यापक किती? तासिका तत्त्वावर किती?
२. प्रॅक्टिकल खरंच होतात का? प्रयोगशाळा एकदा डोळ्यांनी पाहा.
३. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत किती टिकतात?
४. वसतिगृह, एसटीची वेळ, शिष्यवृत्तीचं काम यांत मुलाला कोण मदत करतं?
५. नॅकची नुसती श्रेणी पाहू नका. १९९४ साली स्थापन झालेली ही संस्था अध्यापन, संशोधन, सुविधा, विद्यार्थ्यांना मिळणारा आधार असे निरनिराळे निकष तपासते. श्रेणी मिळालेलं वर्ष पाहा आणि अहवालात कमतरता काय लिहिल्यात तेही वाचा.
६. सध्या तिथे शिकणाऱ्या दोन-तीन मुलांशी बोला.

ही पारख भाऊसाहेबांच्या संस्थेलाही लागू आहे बरं का. आज शिवाजी हे नाव विदर्भात मोठं झालंय. पण एकाच नावाखालची सगळी कॉलेजं सारखी नसतात. थोर माणसाचं नाव पाटीवर असणं वेगळं आणि त्याचं काम आत चालू असणं वेगळं. प्रत्येक ठिकाणी जाऊन बघावंच लागतं.

आणि आपण शिक्षकांनीही एक सोडून द्यावं. जवळच्या कॉलेजात प्रवेश घेतला असं एखाद्या विद्यार्थ्याने सांगितलं, की आपल्या तोंडून नकळत अरेरे निघतं. पोरगं ते ऐकतं आणि पहिल्या दिवसापासून स्वतःला कमी समजू लागतं. त्यापेक्षा तिथे काय काय शिकायला मिळेल, कुठे स्वतः जोर लावावा लागेल, हे त्याला सांगूया.

वर्गात चर्चेसाठी

• भाऊसाहेबांनी कॉलेजच्या आधी वसतिगृह का काढलं असेल?
• आपल्या तालुक्यातल्या एका कॉलेजबद्दल लोक काय बोलतात ते लिहा. नंतर तिथे जाऊन प्रत्यक्ष काय दिसलं ते लिहा. दोन्ही ताडून पाहा.
• नाव मोठं असूनही शिक्षण कमी पडू शकतं का? कसं?

पाठ आवडला तर आपल्या शाळेच्या पालकसभेत जरूर वाचून दाखवा.