ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडविलेले संगीत होय. आपल्या गवयांप्रमाणे त्यातील वादकही आयत्या वेळी स्वरविस्तार करितात. या संगीतास विजेच्या वाद्यांची व रॉक संगीताच्या ठेक्याची जोड मिळून जो ‘फ्यूजन’ नामक प्रकार निघाला, त्याच्या प्रवर्तकांत माइल्स डेव्हिस यांस आम्ही अग्रस्थान देतो.

त्यांचा जन्म २६ मे १९२६ रोजी इलिनॉय राज्यातील ऑल्टन गावी झाला. वडील दंतवैद्य असल्याने घरी ददात नव्हती. बालपणीच्या गुरुजींनी सूर न थरथरविता सरळ लावण्यास शिकविले. ती खूण त्यांच्या वादनात पुढेही राहिली. १९४४ साली ते न्यूयॉर्कच्या जुलियार्ड विद्यालयात दाखल झाले; परंतु चार्ली पार्कर यांच्या वादनाची ओढ लागून त्यांनी ते सोडले. पुढे हेरॉइनच्या व्यसनाने त्यांची काही उमेदीची वर्षे नासली. त्यातून ते निग्रहानेच सुटले.

१९५९ च्या ऑगस्टात त्यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही विख्यात तबकडी निघाली. त्याच महिन्यात, ‘बर्डलँड’मध्ये त्यांचे वादन चालू असता, बाहेर विश्रांतीस उभ्या असलेल्या या कलावंतास पोलिसांनी रक्तबंबाळ केले. कीर्ती कातडीच्या रंगापुढे हतबल ठरावी, याचा आम्हांस आजही विषाद वाटतो.

असे कष्टाने मिळविलेले स्थान दुसरा कोणी जिवापाड जपता. डेव्हिस यांनी ते त्रेचाळिसाव्या वर्षी पणास लाविले. १९६९ च्या फेब्रुवारीत ‘इन अ सायलेंट वे’साठी त्यांनी विजेचे पियानो वाजविणारे तिघे एकत्र बसविले: हर्बी हँकॉक, चिक कोरिया व जो झाविनुल. इंग्लंडहून नुकतेच आलेले गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन हेही सोबतीस होते. ऑगस्टात तीन दिवस याहून मोठा मेळा जमला. जुन्या रसिकांनी त्यांस धर्मबुडवा ठरविले. तरुणांनी मात्र हे नवे संगीत उचलून धरिले. साथीदारांस मोकळे रान देणे, हाच आमच्या मते त्यांचा खरा मोठेपणा. मॅक्लॉफलिन यांनी पुढे ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ काढला, आणि मुंबईचे तबलावादक झाकिर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’ हा वाद्यवृंदही.

मागे वळून पाहणे डेव्हिस यांस रुचत नसे. तथापि जुलै १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे त्यांनी आपल्या जुन्याच रचना पुन्हा वाजविल्या. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी कॅलिफोर्नियात ते निवर्तले.