शरण जायचं ते कुणाला?

मुलगी जरा कळती झाली की आपल्याकडे तिला पहिला धडा मिळतो तो नमतं घेण्याचा. माहेरी भावापुढे, सासरी सगळ्यांपुढे! नम्रता हा मोठा गुण आहे, यात वादच नाही. पण नमायचं ते नेमकं कुणापुढे? पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचताना हा प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. ख्रिस्ती धर्मात नम्रतेला आणि देवाला शरण जाण्याला फार मोठं स्थान आहे. तो धर्म मनापासून स्वीकारलेली ही बाई माणसांपुढे मात्र वाकली नाही. हे कसं काय?

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे पंडित. बायकांनी संस्कृत शिकणं पाप मानलं जाई, त्या काळात त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. आईनं ते लेकीला दिलं. तीर्थक्षेत्री पुराण सांगत हे कुटुंब देशभर हिंडलं. पुढे दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास, दोघंच पायी भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ नि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या.

पण सुख कपाळी नव्हतं. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीनं गेले. पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा. दुसरी असती तर खचली असती. रमाबाई पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते जमलं नाही. वाँटेजच्या मठातल्या भगिनी समाजानं टाकलेल्या बायकांचं काम कसं करतात, ते त्यांनी पाहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात एकच गहजब झाला!

गंमत अशी, की तिकडच्या धर्मगुरूंनाही ही बाई सोपी गेली नाही. पटेल तेच मानणार, असा बाणा. मांसाहाराला त्यांनी शिवलंसुद्धा नाही. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी रोखठोक वाद घातला. धर्म बदलला म्हणजे नव्या मालकाच्या दारी गेलो, असं त्यांना वाटत नव्हतं.

पुढे रमाबाईंनी स्वतःच मान्य केलं, की बाप्तिस्मा घेतला तरी काही वर्षं त्यांना धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बुद्धीनं पटवून घेणं वेगळं आणि आपलं सगळं देवाच्या हाती देणं वेगळं. १८९० नंतर कधीतरी ही दुसरी गोष्ट त्यांच्या बाबतीत घडली. इतकी वर्षं ज्या विद्वत्तेनं त्यांना मान मिळवून दिला, ती देवासमोर कामाची नाही, हे त्यांनी ओळखलं. देहू-आळंदीच्या सावलीत राहणाऱ्या आम्हा पिंपरी-चिंचवडकर बायकांना शरणागती हा शब्द परका नाही. नाव वेगळं, वाट वेगळी, पण ‘मी’पणा सोडणं तेच.

त्याची परीक्षाही लगेच झाली. १८८९ साली मुंबईत काढलेलं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आणलेलं शारदा सदन विधवांसाठी होतं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३ साली वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींवर सक्ती नव्हती आणि आपली प्रार्थना लपवायची नाही, हे रमाबाईंचं म्हणणं. त्या हलल्या नाहीत.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, आजारी, कुणीही हात धरून न्याव्यात अशा मुली तिथे रस्त्यावर होत्या. त्यांना त्या घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. हे केडगाव नगरचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, अंधांसाठी बार्तीमी सदन. विणकाम, शेती, छापखाना, सगळं मुली शिकल्या. ‘सरस्वती’ पदवी मिळवलेल्या बाईनं आपलं उरलेलं आयुष्य या मुलींच्या अन्न-औषधाची काळजी वाहण्यात घातलं. मला विचाराल तर हीच खरी नम्रता.

आणखी एक गोष्ट मला फार भावते. बायबलचं मराठी खेड्यातल्या बाईला समजेल असं हवं, म्हणून रमाबाई उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अख्खं बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं. संस्कृतवर एवढं प्रभुत्व असताना जड शब्द बाजूला ठेवायचे, हे सोपं का आहे? मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी त्याचे खिळे जुळवले. काम चालू असतानाच १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. एकुलती एक लेक, कामातला उजवा हात! तरी हे काम त्यांनी सोडलं नाही. ते हातावेगळं झालं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी देह ठेवला.

आमच्या बचत गटात चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर जाणाऱ्या बायका आहेत. दिवसभर उभ्यानं काम करून घरी जायचं आणि नवऱ्याचा मार खायचा, हे त्यातल्या एक-दोघींच्या वाट्याला आलंय. आजूबाजूचे त्यांना देवावर सोडून द्यायला सांगतात. मैत्रिणींनो, रमाबाईंनीही सगळं देवावरच सोडलं होतं. पण त्या हात बांधून बसल्या नाहीत. उठल्या आणि दुष्काळात पोरी शोधायला गेल्या. देवाला शरण जाणं म्हणजे मारणाऱ्याला शरण जाणं नव्हे. उलट, एकदा देवापुढे डोकं टेकवलं, की दुसऱ्या कुणापुढे ते भीतीनं टेकवायची गरज उरत नाही. रमाबाईंचं चरित्र आपल्या गटात, भिशीत, भजनी मंडळात एकदा तरी मोठ्यानं वाचून दाखवा. ज्या बाईला ते ऐकायची गरज आहे, ती बहुधा तिथेच कुठेतरी मागे बसलेली असेल.